प्लास्टिकमधली चिठ्ठी

दादा गेल्याचं सांगायला वहिनींचा फोन आला, तेव्हा मी कुकरच्या शिट्टीची वाट बघत होते. "वन्सं, झालं," एवढंच त्या म्हणाल्या. मी गॅस बंद केला आणि खरं सांगते, आधी हुश्श वाटलं. रडू नंतर आलं. दीड महिना झाला, त्या हुश्शची लाज अजून जात नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात फोरमन होता. चार माणसं हाताखाली असून स्वतःच मोटर उचलायला गेला आणि कंबर धरली. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या दहा दिवसांची नऊ वर्षं झाली... कंबर पहिल्याच वर्षी बरी झाली असावी. पण गोळी चुकली की दादाला घाम सुटे, हात कापत, आणि जन्मात आवाज न चढवलेला माणूस आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून उठे. गोळी पोटात गेली की तासाभरात पुन्हा आमचा दादा, येताना सगळ्यांसाठी कचोऱ्या आणणारा. आम्हाला तो दादा हवा होता, म्हणून आम्ही गोळ्या देत राहिलो.

डॉक्टरांची ती चिठ्ठी घडीवर फाटायला आली, तेव्हा मीच ती लॅमिनेट करून आणली. आमच्याकडे सगळंच लॅमिनेट होतं, मार्कशीटपासून आजोबांच्या होळकर दरबारातल्या नेमणुकीच्या कागदापर्यंत. मग लक्षात आलं, गोळ्या दिल्या की केमिस्ट चिठ्ठीवर शिक्का मारतो, तो प्लास्टिकवर बसत नाही. बोटाने पुसला की गेला, चिठ्ठी पुन्हा कोरी. सियागंजजवळच्या एका दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "दीदी, ये तो बहुत पुरानी है." मी म्हटलं, "भिया, दर्द भी पुराना है." तो हसला आणि गोळ्यांचे दोन पत्ते दिले. तेव्हा मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं.

गेल्या वर्षी वहिनींनी मन घट्ट करून दादाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. महिन्याने घरी आला तो वाळलेला, पण नजर स्वच्छ. वहिनींनी मला हात जोडून सांगितलं, आता काही झालं तरी आणायची नाही. चिठ्ठी माझ्याच पर्समध्ये होती. फाडते म्हटलं. आठव्या दिवशी दुपारी दादा माझ्या स्नेहलतागंजच्या घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. "बस एक पत्ता, छोटी. कंबर नाही गं दुखत आता. मीच दुखतोय, पूरा का पूरा." मी चपला घातल्या.

शेवटी किडन्यांनी हात टेकले. तेराव्यानंतर मी वहिनींपुढे सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मी पण आणत होते, वन्सं. दुसऱ्या दुकानातून... ओळखीवर." त्यानंतर आम्ही दोघींनी चहा घेतला.

काल पर्स रिकामी करताना चिठ्ठी निघाली. दादाचं नाव, वय, खाली 'दहा दिवस'. नऊ वर्षांत एक अक्षर पुसलेलं नाही. दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, फाटेना. फाटू नये म्हणून तर मी ती तशी करून आणली होती.