शमालच्या वाळवंटात हाकारा

सर्व मराठी बंधुभगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने आणि त्याहून जड झालेल्या डाव्या हाताने जाहीर करण्यात येते की, कतारच्या वाळवंटात पक्ष्यांपेक्षा शिकारी जास्त झाले आहेत. सदर परिस्थितीची दखल पक्ष्यांनी केव्हाच घेतली असून त्यांनी येणं कमी केलं आहे. शिकारी मात्र येतच आहेत. पुरावा हवा असेल, तर माझ्या तळहातावर एक व्रण आहे. लग्नकार्यात, बारशाला, कोणी विचारो न विचारो, तो मी बाही सरसावून दाखवतो.

मी अल खोरला राहतो, गॅसच्या प्लँटमध्ये पंपांची देखभाल करतो. मूळचा नाशिकचा. घरात झुरळ निघालं तर मी पलंगावर चढून बायकोला हाक मारतो. अशा माणसाचा शिकारीशी संबंध येतो तो मेव्हण्यामुळेच. बायको सिंधुदुर्गातली. तिचा धाकटा भाऊ शमालकडे, म्हणजे उत्तरेच्या वाळवंटात, एका कतारी म्हाताऱ्याच्या शिकारीच्या कॅम्पवर ड्रायव्हर आहे. हिवाळ्यात वाळूत गाडी हाकायची, तंबू सांभाळायचे आणि उन्हाळ्यात ससाण्यांच्या एसी खोलीची राखण करायची. हो, ससाण्यांना एसी असतो. मेव्हण्याच्या खोलीतला अधूनमधून बंद पडतो. इथे नोकर माणूस मालकाला अरबाब म्हणतो, आणि अरबाब नोकर माणसाला नफर म्हणतो. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

तर हा अरबाब. सत्तरीकडे झुकलेला, एक डोळा मोतीबिंदूने धुरकटलेला, आवाज मात्र असा की कानात धुळवड व्हावी. शिकारीचा परवाना दर हिवाळ्यात महाग होत चालला होता आणि दर हिवाळ्यात तो त्यावरून मेव्हण्याला शिव्या घालायचा, जणू दर त्यानेच वाढवला. गर्दी कमी व्हावी म्हणून वाढवतात म्हणे. झालं उलटंच. पूर्वी हौशी माणूस एखाद्या सुट्टीच्या शुक्रवारी यायचा, चहा पिऊन, आकाशाकडे बघून परत जायचा. आता एवढे पैसे भरल्यावर कोण घरी बसेल? ताटाचे पैसे आधीच घेतले की पोट दुखत असलं तरी माणूस जिलबी सोडत नाही, तसं झालं. जो तो दर शुक्रवारी हजर, आणि प्रत्येकाला पक्षी हवाच.

पक्षी म्हणजे हुबारा. आपल्या माळढोकाचा धाकटा चुलतभाऊ समजा. वाळूच्याच रंगाचा. झुडपाखाली दबून बसला की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. त्याला मारायचं ते ससाण्याकडूनच, बंदूक चालत नाही. हिवाळा संपत आला तरी अरबाबाच्या मादी ससाण्याला एकही हुबारा मिळाला नव्हता. शेवटी त्याने मेव्हण्याला सांगून टाकलं: या शेवटच्या शुक्रवारी तिने हुबारा धरला तर ठीक, नाहीतर परवाना बंद, कॅम्प बंद, तंबू विकायचे आणि "तुम भी गाँव जाओ, खलास."

मेव्हण्याच्या मुलीचं नर्सिंगचं अजून एक वर्ष राहिलं होतं. त्याने फोनवर बहिणीला फक्त एवढंच सांगितलं, "चेडवाचा वर्स पुरा होवक होया गो." बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. कॅम्पवरचा पक्षी उठवणारा माणूस आजारी आईसाठी गावाला गेला होता, म्हणून मदतीला एक माणूस हवा होता, आणि तिच्या माहेरच्या हिशेबात तो माणूस मी होतो.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "आणि तिथे तोंड उघडू नका. एवढं एक काम करा."

शुक्रवारी सकाळी कॅम्पवर पोचलो, तेव्हा अरबाब मादीला भूक लावत होता. म्हणजे काय, तर एका कबुतराला तिच्यासमोर धरायचं आणि एकच घास द्यायचा. तिच्या डोक्यावरची कातड्याची टोपी काढली. तिने कबुतराकडे पाहिलंही नाही, पाय पुढे टाकला. कबुतराची मान कुठे होती आणि कुठे गेली, मला समजलं नाही. चोचीचा एक झटका, मग छातीवरची पिसं वाऱ्यावर उडाली आणि खालचं मांस उघडं पडलं. ते अजून हलत होतं. अरबाबाने तिच्या तोंडचा घास ओढून घेतला, टोपी घातली आणि रक्ताळलेली बोटं मेव्हण्याच्या खांद्याला पुसली.

"तुम खाएगा?" त्याने मला विचारलं. कबुतराबद्दल नव्हे, अंड्याबद्दल. नाश्ता तयार होता. मी बायकोची आज्ञा पाळून तोंड बंद ठेवलं.

मग आम्ही निघालो. मला वाटलं होतं, वाळवंट म्हणजे एकांत, क्षितिज, चिंतन. कसलं काय. टेकाड ओलांडलं तर समोर जीपगाड्यांची रांग, जशी मुलांच्या परीक्षेला शाळेबाहेर लागते. प्रत्येक टपावर दुर्बीण. कुठे वाळूत पावलाचा ठसा दिसला की सगळी फौज तिकडे. एका झुडपाभोवती तर गाड्यांनी असं कोंडाळं केलं होतं, की आत हुबारा असता तर लाजेनेच मेला असता.

आमच्या डोळ्यांदेखत दोन टोळ्यांनी एकाच पक्ष्यावर ससाणे सोडले. पक्षी निसटला. ससाण्यांना मात्र आता काहीतरी धरायचंच होतं, त्यांनी एकमेकांना धरलं. हवेत नखं नखांत अडकली, गरगरत दोघे खाली आले आणि गाडीच्या बॉनेटवर आपटले. एकाचा पंख मोडला, दुसऱ्याने त्याचा डोळा काढला. दोन्ही मालक धावले, आणि ससाण्यांना सोडवायच्या आधी त्यांनी एकमेकांची कॉलर धरली. एकाने दुसऱ्याच्या कानशिलात अशी लगावली की डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ उडून चाकाखाली गेला. दुसऱ्याने गाडीतून तंबूची खुंटी काढली. तिसऱ्याच कोणीतरी मधे पडून मार खाल्ला.

"यल्ला, यल्ला," चला-चला करत अरबाब म्हणाला. त्याचा चांगला डोळा चमकत होता. बाकीचे भांडणात गुंतले होते, म्हणजे गर्दी तेवढीच कमी.

दुपारनंतर, खारट मातीच्या एका खोलगट जागेशी, मेव्हण्याने करकचून ब्रेक मारला. वाळूत तीन बोटांचा ताजा ठसा, थेट झुडपांच्या दाट पट्ट्यात गेलेला. बाहेर आलेला कुठेच नाही. पट्ट्याच्या पलीकडे एक पांढरी जीप आधीच उभी होती. तिचा मालक अरबाबाच्याच वयाचा, पाठीशी त्याचे धिप्पाड पुतणे, पायाशी एक शिकारी कुत्री, आणि मुठीवर टोपी घातलेला ससाणा. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांना लांबून सलाम केला. असा सलाम मी फक्त वाटण्यांच्या दाव्यात सख्ख्या भावांमध्ये पाहिला आहे.

अरबाबाने मादीला मुठीवर घेतलं, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मेव्हण्याला हळूच म्हणाला, "निकालो."

आता यात एक रीत आहे, ती मला नंतर कळली. पक्षी उठवणाऱ्याने एकट्याने, वाकडातिकडा, गप्प चालत जायचं. हुबाऱ्याला वाटलं पाहिजे, की कोणी उंट चुकून इकडे आला आहे. आणि पक्षी आपल्या अरबाबाच्या बाजूने उठला पाहिजे. पण मेव्हण्याने इतकी वर्षं फक्त स्टिअरिंग धरलं होतं. शिकार म्हणजे त्याला एकच ठाऊक होती: गावची, रानडुकराची. तिथे पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे डबे बडवत, बोंबलत रान झोडपतात आणि डुक्कर पलीकडे बसलेल्या बंदुकीपुढे जातं. त्याला हाकारा म्हणतात.

त्याने गाडीतून तुपाचा रिकामा डबा काढला. टायरची पहार काढली.

"भावजीनू," तो मला म्हणाला, "तुमी हॉर्न धरून बसा. मी हाक घातलंय की दाबा, सोडू नकात."

"अरे, इथे असं चालतं का?"

"पाखरू असो नायतर डुकर, भिया सगळ्यांकच वाटता."

हे मला पटलं. आणि खरं सांगायचं तर, सकाळपासून तोंड बंद ठेवून माझा जीव गुदमरला होता. मी हॉर्नवर दोन्ही हात ठेवले.

त्याने पहार डब्यावर हाणली. त्या मोकळ्या रानात तो आवाज असा फुटला, की मलाच वाटलं गाडीचं टायर गेलं. मग तो झुडपांत शिरला, "हुर्र्र, हाऽऽ, भायर सर रे मेल्या", आणि डबा, आणि माझा हॉर्न, आणि कधी ते कळलं नाही पण मीही आरोळ्या ठोकत होतो. नाशिकच्या मिरवणुकीतल्या. अरबाब वळला. त्याच्या तोंडाचा जो आ झाला होता, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

हुबारा उठला. एक नव्हे, दोन. एक जमिनीलगत पळत सुटला तो कायमचाच. दुसरा थेट पांढऱ्या जीपच्या दिशेने उडाला. पलीकडच्या म्हाताऱ्याने टोपी काढून ससाणा सोडला. अरबाबानेही मादी सोडली, पण ती मागून, वाऱ्याविरुद्ध. मेव्हण्याची नोकरी त्या क्षणी वीस हात मागे होती आणि पंख मारत होती.

पलीकडचा ससाणा आधी पोचला. हुबाऱ्याने शेपटी उचलली आणि त्याच्या तोंडावर हगला. हे मी रंगवून सांगत नाही, हुबाऱ्याचं हेच शस्त्र आहे. ती घाण डिंकासारखी चिकट असते. ससाण्याचे डोळे आणि पंख एकदम बरबटले, आणि तो दगडासारखा खाली पडला. आमची मादी त्याच्यावरून गेली. ती वरून आली नाही, बाजूने आली. आवाज झाला तो कोणी ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा. मादी आणि हुबारा दोघे पांढऱ्या जीपच्या काचेवर आदळले, काचेला तडा गेला, बॉनेटवरून घरंगळत वाळूत पडले. हुबारा लाथा झाडत होता. तिने एक पाय त्याच्या डोक्यात रोवला आणि चोच मानेत. काचेवरून रक्ताची रेघ खाली आली.

मग माणसांची पाळी.

मेव्हणा डब्यासकट झुडपांतून पलीकडे निघाला, मी आणि अरबाब इकडून धावलो, पण पुतणे आधी पोचले. एकाने मेव्हण्याला छातीवर हात देऊन ढकललं आणि ओरडला की पक्षी बोलवायची आवाजाची यंत्रं लावायला बंदी आहे. मेव्हण्याने डबा पुढे केला. "मशीन नहीं भाई, घी का डब्बा है." पुतण्याने तो लाथेने उडवायला पाय उचलला, आणि मेव्हण्याने तो वाचवायला वर घेतला. त्याच वेळी मागून पांढऱ्या जीपवाला म्हातारा भांडण सोडवायला, की करायला, मधे घुसला. डब्याची कड त्याच्या नाकावर बसली. नाक एका बाजूला झालं. रक्त दाढीतून पांढऱ्या अंगरख्यावर गळू लागलं.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मेव्हणा वाळूत उताणा आणि त्याच्या छातीवर एक पुतण्या. अरबाब, सत्तरीचा, दुसऱ्या पुतण्याच्या पाठीवर स्वार होऊन त्याचा कान चावतो आहे. त्यांच्या शिकारी कुत्रीने माझ्या पँटचा मागचा भाग, पँटच्या आत जे होतं त्यासकट, धरला. मी तिला झटकत पुढे पडलो तो नेमका मादीवर. तिला वाटलं, मी तिचा हुबारा घ्यायला आलो. तिने नखं माझ्या तळहातात घातली ती आरपार. मी पुतण्यांपेक्षा मोठ्याने ओरडलो. त्या ओरडण्याने सगळे थांबले, असं मी सांगतो. मेव्हणा म्हणतो, सगळे दमले होते.

अरबाब कान सोडून उठला. ओठ फाटलेला, एक दात हातात. तो माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि कबुतराचा तुकडा दाखवून तिची नखं एकेक करून सोडवली. माझा तळहात वाळूवर तसाच पडू दिला. मग हुबारा उचलला. तिचा दुसरा पाय अजून त्याच्या कवटीत होता. त्याने तसाच तो पांढऱ्या जीपवाल्याच्या तोंडासमोर धरला. रीत अशी की, ज्याच्या ससाण्याने आधी धरलं त्याचा पक्षी. पांढऱ्या जीपवाल्याचा ससाणा तिकडे डोळे मिटून, हगलेल्या अंगाने वाळूत बसला होता.

म्हाताऱ्याने नाक धरून पाहिलं. होकारार्थी मान हलवली. पुतणे मागे सरले.

मेव्हणा उभा राहिला. चेपलेला डबा त्याने छातीशी धरला होता. हुबारा मिळाला होता खरा, पण ज्या तऱ्हेने मिळाला त्यावर अरबाब काय म्हणेल ते कळत नव्हतं. तो माझ्या शेजारी येऊन पुटपुटला, "भावजीनू, माका आता घराक धाडतलो." मी रुमालात हात गुंडाळत होतो.

तेवढ्यात पांढऱ्या जीपवाला त्याच्याकडे वळला. नाकातून बोलत होता. हिंदीत, म्हणजे त्याला कळावं म्हणून.

"इधर सब बंदा चुपचाप ढूँढता है, पक्षी नहीं मिलता. तुम दो उठाया. मेरे पास आओ. काम मैं देगा."

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं, मी अरबाबाकडे. अरबाबाने तोंडातलं रक्त वाळूवर थुंकलं. तो हे सगळं अरबीत सांगू शकला असता, पण त्याच्या तोंडून हिंदीतच निसटलं.

"तुम पहले अपना नाक सीधा करो. ये नफर किधर नहीं जाता, अगला साल भी इधर ही डब्बा मारेगा."