उद्या बाबांसमोर शिकवायचं आहे

आज सिंदेवाहीत आपत्ती व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र हातात पडलं. सकाळपासून अभिनंदन करताय, सगळ्यांचे आभार. पण आनंदाची पोस्ट काही लिहिता येत नाहीये.

प्रात्यक्षिक परीक्षेत बुडालेल्या माणसाला वाचवायचं होतं. मी रबरी पुतळ्याला तोंडाने श्वास दिला, छाती दाबली. सर म्हणाले, "बरोबर. पोटातलं पाणी काढत बसायचं नाही. त्यातच वेळ जातो आणि माणूसही."

घरी आले तर बाबा अंगणात वाटच पाहत होते. "काय शिकवलं वं तुले?"

मी उशीवर करून दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं, मग हळूच विचारलं, "पयले पोटातलं पानी नाई काढा लागत का?"

माझा लहान भाऊ शेतातल्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात बुडाला, तेव्हा बाबांनी त्याला पाण्यातून काढून खांद्यावर उलटं घेतलं आणि गोल गोल फिरवलं. आमच्याकडे सगळे तेच करतात. तोंडातून पाणी पडत होतं, म्हणून बाबा थांबले नाहीत. पाय थकून पडेपर्यंत फिरत राहिले.

मी म्हटलं, "काढा लागते बाबा. तुमचं बरोबरच होतं."

उद्या ग्रामपंचायतीसमोर सरांनी शिकवलेलं मला गावाला शिकवायचं आहे. पाणी काढू नका, हे मोठ्यानं सांगायचं आहे.

बाबांनी आत्ताच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. पोरगी शिकवणार म्हणून पुढेच बसणार आहेत.

सांगा, उद्या मी कुणाकडे बघून बोलू?