आधी पडायला शिकायचं

हिवाळ्यातली कोवळी सकाळ, वडगावच्या मागून येळ्ळूरकडे जाणारा नुकताच केलेला डांबरी रस्ता, आणि त्या काळ्याभोर रस्त्यावरून दोन्ही हात पसरून येणारी माझी थोरली बहीण, आक्का... बालपण म्हटलं की मला आधी हेच दिसतं. पायांत मामेभावाने बंगळूरहून आणलेले, त्याला लहान झालेले निळे स्केट्स – एका ओळीत चाकं असलेले. आधी चाकांची बारीक घरघर कानी यायची, मग वाऱ्याचा थंड झोत, आणि मागोमाग तिच्या केसांतला शिकेकाईचा दरवळ.

घरात दिवसभर मागांचा खडखडाट चाले, सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास भिंतींतदेखील मुरला होता. त्यातून निसटून आम्ही दोघी या रस्त्यावर येत असू. हेल्मेट नाही, गुडघ्यांना काही नाही. स्केट्सबरोबर आणखी काही अंगावर चढवायचं असतं, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतंच.

एका सकाळी वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पसरली होती. चाकं अडली, आक्काचं शरीर मात्र तसंच पुढे गेलं आणि कुणीही टेकवेल तसा तिने तळहात टेकवला. ती ओरडली नाही. उठून बसली, वाकड्या झालेल्या मनगटाकडे बघत राहिली आणि पांढऱ्याफटक ओठांनी म्हणाली, "आईला सांगू नको गं, सुमे..."

प्लॅस्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "मनगट जुळेल. डोकं आपटलं असतं म्हणजे?" घरी येऊन आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्केट्स माळ्यावर टाकले. "बास आता. लई झालं."

प्लॅस्टरच्या त्या दिवसांत आक्का रुसली नाही, रडली नाही. दुपारी घर पेंगुळलं की पायांत मोजे चढवून ती गुळगुळीत फरशीवर हलकेच पाय सरकवत राही – एक पुढे, एक मागे... प्लॅस्टर निघालं, तेव्हाही तिने स्केट्स मागितले नाहीत. एवढंच म्हणाली, "आप्पा, गावातल्या स्केटिंगच्या रिंकवर एकदा नुसतं बघायला चला की."

आप्पा नाखुशीनेच आले. रिंकवर एक उंच, सडपातळ बाई मुलांना शिकवत होत्या. सगळे त्यांना टीचर म्हणत. मुलं ओळीने उभी होती आणि एकामागून एक चक्क पडत होती! गुडघे वाकवायचे, पुढे झुकायचं, आधी गुडघ्यांवरचे गार्ड टेकवायचे, मग कोपरांवरचे, आणि शेवटी तळहात – बोटं वर उचलून, म्हणजे मनगटाच्या गार्डची टणक पट्टी जमिनीवरून घसरत जाते आणि हाडावर भार येत नाही.

"ही पोरं मुद्दाम पडाय लागल्यात की!" आप्पा म्हणाले.

"व्हय अण्णा," टीचर हसल्या. "पडणं कुणाला चुकत न्हाय. पण पडलं म्हंजे हाड मोडायलाच पायजे असं न्हाय."

आप्पांनी एक गार्ड हातात घेतला, त्याचे पट्टे ओढून पाहिले, टणक पट्टीवर नखाने टकटक केलं. "आणि डोस्क्याचं?"

टीचरनी एक हेल्मेट आक्काच्या भुवयांपर्यंत खाली ओढून बसवलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि ते हलत नाही ना, हे पाहिलं. "ह्ये न्हाय तर रिंकवर पाय न्हाय. आणि रस्त्यावर तर न्हायच."

आप्पांनी ते स्वतः एकदा हलवून पाहिलं. मग आक्काकडे वळले, "भ्या वाटतंय का गं?"

"वाटतंय."

"मग?"

"तरी शिकायचं हाय."

टीचरनी दिलेले स्केट्स आणि गार्ड चढवून आक्का ओळीत उभी राहिली. तिची पाळी आली... आणि गेली. मोडलेला हात तिने छातीशी घट्ट धरला होता, तो काही केल्या खाली येईना. टीचरनी तिला घाई केली नाही. अखेर तिने गुडघे वाकवले, डोळे मिटले – आणि पडली. गुडघे, कोपर, तळहात. टणक प्लास्टिकचा खरखरीत आवाज झाला. तिने बसल्याबसल्याच मनगट फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड पुसलं. घाम यावा असं ऊन त्या दिवशी नव्हतं.

आप्पा आता नाहीत. मागही विकले गेले, घर फार शांत झालंय. आक्का रविवारी सकाळी त्याच रिंकवर मुलांना शिकवते. पार सांबऱ्याहून पोरं येतात तिच्याकडे.

गेल्या रविवारी माझी लेक पहिल्यांदा स्केट्सवर उभी राहिली. मोकळ्या रिंकवर थोडी सरकली, आणि पडली. मी कठड्यापासून धावले, तर आक्काने नुसता हात वर करून मला थांबवलं. लेकीने एक गुडघा टेकला, दुसरा पाय रोवला, त्याच्यावर हात ठेवून हळूहळू उभी राहिली... आणि माझ्याकडे वळूनही न बघता पुढे निघून गेली.