लाल आकड्यावर धरलेलं लग्न

२०१८ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि नातीचं लग्न मी एकट्यानं ठरवलं होतं. मुलगा तिनंच निवडलेला, कोसबाडकडचा, आमच्यासारख्याच ख्रिस्ती घरातला. बाकी सगळं माझं. डहाणूच्या चिकूवाड्यांत मी तीस वर्षं मुकादमी केली. शाळा दुसरीपर्यंत, पण कुठल्या झाडाला किती माणसं लावायची ते मला कागदाशिवाय कळायचं. त्यापुढे एक लग्न म्हणजे काय मोठं?

जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं. पानं उलटत गेलो. मार्चच्या शेवटी दोन लाल आकडे शेजारीशेजारी दिसले, गुरुवार आणि शुक्रवार. आमच्या तलासरीकडची निम्मी पोरं कंपनीत कामाला. लाल आकडा म्हणजे सुट्टी. गुरुवारी मंडप, शुक्रवारी लग्न. आकडे मला वाचता येतात. खालची बारीक अक्षरं मी कधी बघितली नाहीत.

माझी म्हातारी म्हणाली, "आधी सगळे मिळून प्रार्थनेला बसू. मग दिवस धरू."

"दिवस धरला," मी म्हणालो. "आता तू प्रार्थना कर, तो चांगला जाऊ दे म्हणून."

माझं असंच चालायचं. आधी ठरवायचं, मग देवाला कळवायचं.

कोसबाडला जाऊन सोयऱ्यांना, म्हणजे मुलाच्या बापाला, दिवस सांगून आलो. त्यांनी एकदा आतल्या दाराकडे बघितलं, मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मला बरं वाटलं. मग पाड्यापाड्यांत फिरून घरोघरी आवतण दिलं. मंडपाचे बांबूही सांगून ठेवले. फादरांकडे जायचं तेवढं राहिलं. फादर कुठं पळून जाणार होते?

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी नात घरी आली. ती डहाणूला दवाखान्यात नर्स आहे, तिथंच राहते. कॅलेंडरपुढे उभी राहिली.

"आजा, हा कोळशाचा गोल कशाला काढलास?"

"तुझ्या लग्नाचा दिवस आहे तो."

तिनं वाकून वाचलं आणि तोंडावर हात धरला. मला वाटलं लाजली. ती खालीच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आजा, हा गुड फ्रायडे आहे!"

म्हातारी चुलीपुढून उठून आली. "येशूला क्रुसावर चढवला त्या दिवशी तू पोरीला बोहल्यावर चढवणार? आणि लोकांना वाढणार काय, उपवास?"

मी म्हणालो, गुड फ्रायडे दर वर्षी जागा बदलतो, त्यात माझी काय चूक? कोणी ऐकलं नाही. नातीचं हसू मात्र आता थांबलं होतं. "आवतण गेलंय, आजा. लग्नाचा दिवस फिरला की लोक पोरीलाच नावं ठेवतात. त्यांच्या घरी काय वाटेल?"

ते मला लागलं. पण मी हट्टी. तसाच उठलो आणि चर्चमध्ये गेलो, परवानगी काढायला.

फादर म्हणाले, "बाबा, त्या दिवशी चर्चमध्ये घंटासुद्धा वाजत नाही. लग्न कसं लावू?"

"पण आवतण सगळीकडे गेलंय."

"सगळीकडे गेलं, आणि ज्याच्या घरात लग्न लागायचं त्यालाच नाही?"

फादर हसले आणि मला दारापर्यंत सोडायला आले. "घरी जा. दिवस धरू नका. सगळे प्रार्थनेला बसा, आणि आज तुम्ही सगळ्यांच्या शेवटी बोला."

आमच्या घरात प्रार्थना मी करायचो, बाकीचे आमेन म्हणायचे. त्या संध्याकाळी नातीनं सुरुवात केली.

"देवा, आजासमोर मला बोलता येत नाही, म्हणून तुला सांगते. मला बँड नको. बायकांची गाणी हवीत. आणि त्यांच्या आजीला दुपारचं ऊन सोसत नाही, म्हणून लग्न सकाळी लागू दे."

मी एक डोळा उघडला. तिचे घट्ट मिटलेले होते. मग म्हातारी लागली.

"देवा, कंपनीतल्या पोरांना रविवारी सुट्टी असतेच, हे ह्या मुकादमाच्या डोक्यात घाल. आणि शेजारणी दोन दिवस माझ्याबरोबर रांधणार, त्यांना पाणी कोण आणून देणार, ते त्याला विचार."

प्रार्थनेत मध्ये बोलता येत नाही. नाहीतर सोडलं नसतं. सगळं मुकाट्यानं ऐकलं आणि शेवटी आमेनही म्हणालो. मग माझी पाळी आली. एरवी माझी प्रार्थना लांबलचक. त्या दिवशी एवढंच निघालं: "देवा, सोयऱ्यांकडे जायची मला लाज वाटते."

कोणी हसलं नाही. म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग चहा होईपर्यंत सगळं ठरलं. इस्टरनंतरचा दुसरा रविवार, सकाळी चर्चमधली मिस्सा झाल्याबरोबर लग्न, बायकांची गाणी, आणि पाणी भरायचं पुरुषांनी. इतकं नेमकं काम मी वाडीतही कधी आखलं नव्हतं. पाण्याची पिंपं टेम्पोनं आणायची, तेवढी अक्कल माझी.

सकाळी फादरांना विचारून तो रविवार पक्का केला आणि कोसबाडला गेलो. ओटीवर बसायच्या आधीच म्हणालो, "सोयरे, मी चुकलो. दिवस चुकीचा धरला."

सोयरे असे हसले की आतून त्यांची बायको धावत आली. "अहो, तुम्ही त्या दिवशी उठून गेलात आणि ही माझ्यावर तुटून पडली. गुड फ्रायडे आहे हे हिला तेव्हाच कळलं होतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

त्यांची बायको म्हणाली, "रोज रात्री प्रार्थना करतोय आम्ही, देवा, कोणीतरी त्यांना सांगू दे. अशी पोरगी आम्हाला हातची घालवायची नाही."

मुलाची आजी दारात बसली होती. सकाळी लग्न म्हटल्यावर तिनं माझा हात धरला आणि सोडेना. "मग मी येणार. गाणार पण." मला त्यांनी जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. सुकटाचं कालवण आणि भाकरी. जीपमधून परत येताना शेजारचा माणूस म्हणाला, "काका, काय गुणगुणताय?" मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हातारीला बरोबर घेतलं आणि पुन्हा घरोघरी निघालो. पहिल्याच अंगणात उभा राहून मोठ्यानं सांगितलं, "दिवस मी चुकीचा धरला होता. चूक माझी, पोरीची नाय. आता इस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी या." आणि पुढच्या घराकडे वळलो.