प्राचार्यांचा वर गेलेला हात

देवाने माणसाला डोळे दोन दिले, पण मान अशी दिली की ती आधी शेजाऱ्याकडे वळते. बाई हेच आयुष्यभर मोठ्या मायेने शिकवत आल्या. कॉलेजात मानसशास्त्र त्यांचे, समाजशास्त्रही त्यांचेच. वर्ग सर्वांत वरच्या मजल्यावर, पंखा कुरकुरणारा. तरी मुले तो जिना धावत चढत. असे असूनही शिक्षकांच्या गेल्या सभेत दोन्ही विषय बंद करण्याचा ठराव झाला होता, तोही एकमताने. सही करण्यापूर्वी प्राचार्य एक तास पाहून जाणार होते. कधी, हे मात्र सांगितले नव्हते.

त्या दिवशी धडा होता समूहाच्या दबावाचा. बाईंची रीत ठरलेली: एकाला खडू आणायला पिटाळायचे आणि उरलेल्यांशी संगनमत करायचे. या खेपेला तो मान 'वकिला'ला मिळाला. सूर्य उगवला म्हटले तरी हा मुलगा पुरावा मागे, म्हणून हे नाव.

"फळ्यावर तीन पट्ट्या आहेत," बाई कुजबुजल्या. "लाल सगळ्यात लांब आहे, ते दिसतंयच. पण मी विचारलं की सगळ्यांनी पिवळीला हात वर करायचा. आणि हसलात तर बघा."

वकील परतला, आणि त्याच्या पाठोपाठ प्राचार्य येऊन मागच्या बाकावर बसले. आता बेत मोडायला सवड नव्हती.

"सर्वांत लांब पिवळी, असं कोणाकोणाला वाटतं?"

सगळा वर्ग हातांनी भरून गेला. वकील तेवढा हाताची घडी घालून बसला. "डोळे तपासून घ्या रे," तो म्हणाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात हळूहळू, अवघडत वर आला. प्राचार्यांचा.

मुलांनी ओठ चावले. बाईंपुढे पेच उभा राहिला. खरे बोलावे तर साहेबांची फजिती आणि विषयांचे बारा वाजलेले. झाकावे तर मुलांना खोटे शिकवल्याचे पाप. त्यांनी मनोमन देवाचे नाव घेतले.

"सर, लाल लांब आहे. यांना मीच पढवून ठेवलं होतं."

प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "मलाही लालच दिसत होती हो. म्हटलं, एवढी पोरं म्हणताहेत तर माझाच नंबर वाढला असेल."

वर्ग खदखदून हसला. प्राचार्य सर्वांत जास्त हसले.

"हा दुबळेपणा नव्हे, बाळांनो," बाई म्हणाल्या. "माणसाला माणूस हवा असतो. त्या ओढीनेच हात वर जातो. ओढ पवित्र आहे. तिच्यापायी दिसलेलं मात्र नाकारू नका."

दारापाशी प्राचार्य थबकले. "बाई, सभेत ठरावाला सगळ्यांचे हात वर होते. तुमचासुद्धा."

"होता," बाई हळूच म्हणाल्या. "सगळेच करत होते..."

"बाई, तुम्हीपण पिवळी?" वकील पुटपुटला.

"आता प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारतो," प्राचार्य म्हणाले. "सुरुवात तुमच्यापासून. विषय बंद करायचे?"

"नाही, सर. मुळीच नाही."

"झालं, एकमत मोडलं," म्हणत प्राचार्य जिना उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत एकेक शिक्षक जाऊन आला, आणि संध्याकाळपर्यंत त्या ठरावाला वाली उरला नाही.