मिरवणुकीला न गेलेला बंब

गुलालाचा वास आला की मला नगरपालिकेतली ती दुपार आठवते. निवडून आलेल्या नव्या नगराध्यक्षांनी आठवड्याभरात जुन्या माणसांच्या खुर्च्या हलवल्या आणि प्रचारात आपली जीप चालवणाऱ्या माणसाला अग्निशमन विभागाचा प्रमुख करून टाकलं. मी लष्करातून परतल्यापासून तिथं बंबावर ड्रायव्हर होतो. उन्हाळ्याचे दिवस होते, गावाभोवती उसाचा पाला वाळून कडकडत होता आणि कुठला ना कुठला फड रोज पेटत होता. बाहेर नगराध्यक्षांच्या विजयाच्या मिरवणुकीची हलगी कडाडत असताना हे नवे साहेब अंगभर गुलाल घेऊन आत आले आणि म्हणाले, "काका, बंब काढा. मिरवणुकीवर रंगाचं पाणी उडवायचं हाय." मी म्हणालो, "बंब आगीसाठी हाय, साहेब. न्हाई निघायचा." "आवं, वरनं हुकूम हाय!" "असू दे की." चिडून त्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "माजी कंबर धरलीया." तिसरा तर हसत हसतच म्हणाला, "मला आज लय अंधारी येतीया." शेवटी मिरवणूक बंबाशिवायच गेली. त्या दुपारी गावात कुठंच आग लागली नाही, आणि तेवढंच निमित्त करून दुसऱ्या दिवशी मला कचऱ्याच्या गाडीवर टाकलं. निवृत्त होईपर्यंत मी तीच गाडी चालवली. परवा बाजारात त्या साहेबांनी मला गाठून विचारलं, "काका, एवढं ताणून तुमाला मिळालं काय?" मी म्हणालो, "काय न्हाई. पण आज सांगितलंस तरी बंब काढणार न्हाई."