मेनबाई आणि न सापडणारा मासा

घरात पाऊल टाकताच "आधी मेन बंद करा" म्हणायची, म्हणून गल्लीनं तिचं नाव मेनबाई पाडलं होतं. पूर्वी ती पंख्यांच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायची. तो बंद पडल्यावर पिशवीत टेस्टर अन् पक्कड टाकून घरोघर वायरिंगची कामं करू लागली. लोक विचारायचे, "मिस्त्री कुठंय?" ती म्हणायची, "समोर उभाय. चपला काढू का?"

एकदा ती शिवणकाम करणाऱ्या बाईकडे दारावरची बेल बघायला गेली. कपाटं पुढे ओढलेली, टेलरबाई पलंगाखाली डोकं घालून बसलेली. तीन दिवस घरात सडक्या माशाचा वास येत होता आणि सापडत काहीच नव्हतं.

"शेजारणीच्या मांजराचंच काम आहे," तिचे सासरे म्हणाले. त्यावरून शेजारणीशी अबोलाही धरला होता.

मेनबाईनं नाक वर केलं. "वास जास्त कधी येतो?"

"बाबा दिवा लावून पेपर वाचायला बसले की," टेलरबाई म्हणाली.

"मग मासा छताला आहे. आधी मेन बंद करा."

दिवा निवेपर्यंत थांबून तिनं काचेचा गोल उतरवला. आत शंभर वॅटचा बल्ब. फिटिंगवर मात्र लिहिलेलं, चाळीसच्या वर नको. होल्डर तपकिरी पडलेला. बोट लागताच त्याचा तुकडाच निघाला.

"प्लास्टिक फार तापलं की माशासारखा वास सुटतो कधीकधी."

सासरे ओशाळले. "मीच लावला तो. बारीक अक्षर दिसत नव्हतं. पण दिवा छान लागत होता हो!"

"आणखी चार दिवसांनी घराला आगही लागली असती."

दिव्याखालीच गिऱ्हाइकांच्या कापडांचा ढीग होता. टेलरबाईनं घाईघाईनं तो उचलून कोपऱ्यात नेला. "अगं, वेळेत कळलं ना," म्हणत मेनबाईनं जळकी वायर कापली, नवा होल्डर बसवला आणि चौदा वॅटचा एलईडी लावला. उजेड पहिल्यासारखाच लख्ख पडला. बाबांनी पेपरातली छोटी जाहिरातही मोठ्यानं वाचून दाखवली.

मग सुनेनं त्यांना शेजारी पिटाळलं. दारातल्या मांजरापुढे हात जोडून ते म्हणाले, "चुकलं बाई आमचं." मांजरानं तोंड फिरवलं. शेजारीण पोट धरून हसली आणि मागून आलेल्या मेनबाईला म्हणाली, "मेनबाई, माझेही दिवे बघता का?"

संध्याकाळपर्यंत पाच घरं झाली. बाबा भिंग घेऊन मागोमाग. फिटिंगवरचा प्रत्येक आकडा त्यांनी इतक्या जोरात वाचला, की रस्त्यावरची माणसं वर बघत होती.